हत्तीच्या घरातला वजीर

१९ जानेवारी २००३, रविवार

मंचरच्या स्पर्धेत आज मी हरलो. शेवटच्या डावात, भागूकडून. कसा हरलो ते आजच लिहून ठेवतो, कारण उद्यापासून नारायणगावात याचे दहा प्रकार ऐकू येतील आणि दहाही प्रकारांत मी गाढव असेन.

स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांची होती. नियमांची दोन पानं टाइप करून हॉलच्या भिंतीला डकवली होती. मी पहिलं पान वाचलं. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, वगैरे. ते मला ठाऊक होतं. बुद्धिबळ ते बुद्धिबळ, त्यात अजून काय असणार, असं म्हणून मी चहाला गेलो. दुसरं पान राहिलं.

आम्ही खेळतो तो देशी खेळ. त्यात प्यादं शेवटच्या ओळीत ज्याच्या घरात पोचेल तेच होतं. उंटाच्या घरात उंट, हत्तीच्या घरात हत्ती. राजाच्या किंवा वजिराच्या घरात पोचलं तरच वजीर. मी चाळीस वर्षं असाच खेळलो आणि भागूला मीच असा शिकवला.

आज शेवटी पटावर दोघांचे राजे, दोघांचा एकेक हत्ती आणि दोघांचं एकेक मोकळं प्यादं उरलं. मोकळं म्हणजे ज्याला अडवायला समोरच्याचं एकही प्यादं शिल्लक नाही असं. माझं वजिराच्या पट्टीत, तीन चालींवर. भागूचं अगदी कडेला हत्तीच्या पट्टीत, चार चालींवर. हत्ती एकमेकांची प्यादी धरून बसले होते, त्यामुळे डाव बरोबरीत सुटणार हे दिसत होतं. तेवढ्यात भागूनं आपला हत्ती माझ्या हत्तीसमोर आणून ठेवला. हत्तीला हत्ती. मी हिशोब केला: हत्ती गेले की प्यादी सुटतील, माझं आधी पोचून वजीर होईल, त्याचं मागून येऊन फार तर हत्ती होईल. वजिरापुढं हत्ती काय टिकतो. मारला.

माझा वजीर झाला. त्याचं प्यादं कोपऱ्यापासून एका घरावर होतं. होऊ दे हत्ती, म्हणून मी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्या राजाला धरायला वजीर मजेत माझ्या राजाच्या मागं आणून उभा केला. भागूनं प्यादं कोपऱ्यात नेलं आणि बाजूला पडलेला मेलेला हत्ती उचलला. पंच म्हणाले, "काका, हत्ती कशाला? वजीर घ्या की." आणि त्यांनीच वजीर त्याच्या हातात दिला.

कोपऱ्यातून तिरपा शह. माझा राजा, आणि त्याच रेषेत मागं माझा वजीर. राजा हलवला की वजीर गेला.

मी म्हटलं, हत्तीच्या घरात वजीर कसा? पंच म्हणाले, कुठल्याही घरात काहीही करता येतं, दुसऱ्या पानावर लिहिलंय. सगळा हॉल हसला. भागू हसला नाही. मी राजा हलवला, तरी तो कोपऱ्यातल्या वजिरावर बोट ठेवून माझ्याकडं बघत बसला. घड्याळ पळत होतं तरी बसला. माझी फजिती डोळे भरून बघून घेतली आणि मग माझा वजीर खाल्ला.

आधी हत्ती उचलायचं नाटक तर असं वठवलं की नाटकमंडळीत जावं. त्याला नियम माहीत होता. म्हणूनच त्यानं हत्तीला हत्ती दिला. बावीस वर्षांच्या दोस्ताला त्यानं भर हॉलमध्ये फसवलं.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी दुकान उघडायच्या आत रखमाजी चहावाला. "दादाभाऊ, मंचरात हत्तीच्या घरी वजीर जन्मला म्हनं. बारशाला आमाला बोलवा."

मी हसून "पेढे तूच आण" म्हणालो. मी असाच आहे, लोकांसमोर मला रागावता येत नाही. त्यासाठी ही वही आहे.

२५ जानेवारी, शनिवार

बाजारचा दिवस. भागू आला. बावीस वर्षं दर शनिवारी येतोय तसा, अकराच्या एसटीनं.

तो घोडेगावला मुलांच्या वसतिगृहात आचारी आहे. मूळचा आहुप्याचा, पार घाटमाथ्यावरचा. एक्क्याऐंशी साली खाली आला तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्याच दुकानात विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींची तार काढायचा. वसतिगृहातली नोकरी मी शब्द टाकला म्हणून लागली. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. एखाददुसऱ्या वेळी दाखवलं असेल.

त्याच्या चपलेचा आवाज मला रस्त्यापासून ओळखू येतो. माझा धंदाच कानाचा आहे. मोटार चालू केली की न उघडता सांगतो, बेअरिंग गेलंय का कॉईल. नारायणगावाला लागूनच्या या वारुळवाडीत मोकळ्या हातानं येऊन पाच माणसांचं दुकान उभं केलं ते या दोन कानांवर. तर चप्पल ओळखली आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. आमच्या मंडळींना, म्हणजे बायडाबाईला, सांगून ठेवलं, मी पिंपळवंडीला गेलोय म्हणून सांग.

तिनं सांगितलं. भागू म्हणाला, "असू द्या वैनी. पट नका काढू. निस्तं बसतो जरा." अर्धा तास बसला. उठताना म्हणाला, "दादाभाऊंच्या चपला हितंच हायेत. पिंपळवंडीला अनवानीच गेले का काय. काटा मोडंल, त्यांना सांगा."

संतापानं माझ्या हातातली कॉईल वाकडी झाली.

१ फेब्रुवारी, शनिवार

आला. मी बोललो नाही. गेला. आज चपला आत घेतल्या होत्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

आला नाही.

बरं झालं. सव्वाअकरापर्यंत वाट बघितली आणि बरं झालं असं म्हणून कामाला लागलो. भारनियमनाचे दिवस, रोज आठदहा जळक्या मोटारी येतायत. कुणाला वेळ आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोहे गावाचा भिका मोटार घेऊन आला होता. मी आत टेस्टिंग करत होतो. मोटार चालू असली की लोकांना वाटतं आतल्याला ऐकू येत नाही. भिका बरोबरच्याला म्हणाला, "भागू आचारी मार्चअखेर रिटायर व्हतोय. खोली सोडून वर आहुप्याला जानार. त्याची बायको साळुबाई एकलीच हाय तिथं, भातखाचरं पडलीत. म्हनतो, आता खाली यायचं काम न्हाई."

मी मोटार बंद केली.

जाऊ दे की. मला काय त्याचं. आहुपे म्हणजे घोडेगावच्याही पुढं, दोन एसट्या बदलून, धरणाच्या कडेकडेनं. तिथून कुणी दर शनिवारी बुद्धिबळ खेळायला येत नसतं. सात शनिवार राहिले.

पण आपला हिशोब पुरा केल्याशिवाय त्याला वर जाऊ देणार नाही. त्याच्याच नवीन नियमांनी त्याला एकदा आडवा करणार आणि मग जा म्हणणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या घरात नवीन नियमांचं बुद्धिबळ येणारं माणूस एकच, सूनबाई. हर्षाली पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळलेली आहे. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, चांगलंय, पण स्वयंपाकाचं काय. आता तिलाच विचारायचं म्हणजे जिवावर आलं. मुलगा, आदेश, बाहेर गेलेला बघून पट घेऊन बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिनं हातातली मेथी खाली ठेवली आणि तासभर शिकवलं. लिहून ठेवतो.

एक. मोकळं प्यादं असेल तर आपला हत्ती त्याच्या मागं उभा करायचा, पुढं नाही. पुढं उभा केला तर आपणच आपली वाट अडवतो. मी आयुष्यभर पुढं उभा करत आलो.

दोन. हत्तीला हत्ती द्यायचा का नाही, हे हत्तीकडं बघून ठरवायचं नाही. हत्ती गेल्यावर काय उरतं ते आधी मोजायचं. प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत जेवढी घरं, तेवढ्या बाजूचा एक चौकोन मनात काढायचा. समोरचा राजा त्या चौकोनात पाय ठेवू शकला तर प्यादं सापडलं. बाहेर राहिला तर सुटलं.

मी म्हटलं, हे सगळं पुस्तकी आहे.

"व्हय आण्णा," ती म्हणाली, "पर सापडलेलं प्यादं सापडतंच."

सासऱ्याशी बोलायची ही पद्धत नाही. उद्या परत बसणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज डोकं फिरलंय.

मंचरचा डाव मला शेवटून पंधरा चाली पाठ आहे. हर्षालीसमोर मांडला. म्हटलं, बघ, या माणसानं नियम लपवून हत्तीला हत्ती दिला का नाही.

तिनं बोटानं दोन्ही प्याद्यांची घरं मोजली. मग म्हणाली, "आण्णा, हे काय पटत न्हाई. नव्या नियमानंबी भागूकाका इथं हरत व्हते."

"हरत कसा? वजीर झाला ना त्याचा."

"तुमी होऊ दिला म्हनून. तुमचा वजीर आधी झाला. तो निस्ता त्यांच्या प्याद्याच्या पट्टीत मागं उभा केला असता, तर त्यांनी कोपऱ्यात काहीबी केलं असतं तरी तुमी खाल्लं असतं. त्यांचा राजा पार दुसऱ्या टोकाला. वाचवनार कोन?"

मी बघितलं. खरंच तसं होतं.

"आन देशी नियमानं?" ती म्हणाली.

देशी नियमानं तर तो हरत होताच. म्हणूनच मी हत्ती मारला. म्हणजे जुन्या नियमानंही हरत होता, नव्या नियमानंही हरत होता, आणि हत्ती ठेवले असते तर डाव बरोबरीत होता. मग हत्ती दिला कशाला? भागू एवढा बावळट नाही. भाताच्या डेगीत मीठ किती ते डोळ्यांनी सांगणारा माणूस आहे तो, त्याला चार चाली मोजता येत नाहीत?

हर्षाली पटाकडं बघत म्हणाली, "त्यांनी डाव तुमाला दिला व्हता, आण्णा. पंचांनी हातात वजीर कोंबला, तिथं घोळ झाला."

मी पट उचलून ठेवला. तिला म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत, अजून लहान आहेस.

फसवलं असतं तर मी माफ केलं असतं. फसवणं हे निदान बरोबरीच्या माणसाला करतात. हा मला डाव देत होता. मला. लहान पोराला द्यावा तसा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या वह्या काढल्या. शनिवारचा डाव कुणी जिंकला ते मी दर वेळी लिहीत आलो आहे. बावीस वर्षांत भागू अकरा वेळा जिंकला. बाकी मी, आणि थोडे बरोबरीत. आजपर्यंत हा आकडा मला फार गोड वाटायचा.

आता एकेक डाव आठवून बघतोय आणि एकेकाला वास येतोय. ब्याण्णवच्या दिवाळीत त्यानं घोडा फुकट दिला होता. मी तेव्हा लिहिलंय, "भागूचं लक्ष नव्हतं." त्र्याण्णव, "भागू दमलेला दिसला." सत्त्याण्णव, "भागूची घाई."

हर्षाली चहा घेऊन आली, वही बघितली, म्हणाली, "ते पहिल्यापासनंच असे हरायचे का?" मी म्हटलं, पहिली दोनतीन वर्षं चांगला झुंजायचा. उदाहरण म्हणून त्र्याऐंशीचा एक डाव सांगितला. तो जिंकत आला होता, तेवढ्यात माझं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. देशी नियम असा की प्याद्याचा घोडा झाला तर त्याला लगेच एक चाल जादा मिळते. त्या जादा चालीनं मी त्याचा वजीर मारला. काय तोंड झालं होतं भागूचं.

"त्यांना ही जादा चाल आधी माहीत व्हती?"

"तेव्हा सांगितली की. वेळ आल्यावर सांगायची असते."

ती कप उचलून गेली. ही हल्ली फार गप्प बसायला लागली आहे.

अजून एक गोष्ट दिसली, नोंदवून ठेवतो. शहाऐंशीच्या श्रावणात भागू लागोपाठ दोन शनिवार जिंकला. त्यापुढचे पाच शनिवार वहीत काहीच नाही. कामाचा सीझन असेल. पण श्रावणात विहिरी भरलेल्या, मोटारींना कसला सीझन. एकोणनव्वदला तो जिंकला, पुढचे तीन शनिवार कोरे. काहीतरी असेल. आठवत नाही.

१ मार्च, शनिवार

तांब्याची तार आणायला मंचरला गेलो. गावभर वर्ल्ड कप चालू, दुकानदार टीव्हीपुढून उठेना. तो उठेपर्यंत पंचांकडं जाऊन आलो. भगवंत मास्तर, हायस्कूलला चित्रकला शिकवतात, स्पर्धा तेच भरवतात. सरळ विचारलं, भागूला तो नियम माहीत होता का?

"छे हो," मास्तर म्हणाले. "ते तर डाव संपल्यावर माझ्याकडं आले. म्हणाले, मलाबी ठावं नव्हतं, दादाभाऊलाबी नव्हतं, मग जीत कसली. परत खेळवा, न्हाईतर ढाल दादाभाऊला द्या. मी म्हटलं, असं चालत नाही. तर ढाल न घेताच गेले. ही काय कपाटात पडलीय. तुम्ही देता का त्यांना नेऊन?"

मी म्हटलं, मी काय हमाल आहे का.

तर नाटक नव्हतं. त्यानं हत्ती उचलला तो खराच. सहा आठवडे मी त्याला चोर म्हणत होतो. याचंही मला वाईट वाटायला हवं, पण वाटायला जागाच नाही, सगळा राग भरलाय. ढालही मला देत होता. बावीस वर्षं वाढतोय मला, वसतिगृहातल्या पोरांना वाढतो तसा, पोट भरलं का बघत.

१५ मार्च, शनिवार

सव्वाअकरा.

पलीकडच्या गाळ्यातला बहिरू म्हणाला, "तुमचे दोस्त दिसंनात हल्ली. वारले का काय." मी त्याच्या अंगावर गेलो. लोकांसमोर. म्हणजे आता तेही सुरू झालं.

२० मार्च, गुरुवार

भिका मोटार न्यायला आला. त्याच्याबरोबर निरोप धाडला. शब्द असे पाठ करून घेतले: "एकोणतीसला शनिवारी ये. नव्या नियमानं खेळायचं. खरं खेळणार असशील तरच ये. नाहीतर येऊ नको."

भिका म्हणाला, "दादाभाऊ, हे धमकी हाय का आवतन?"

२९ मार्च, शनिवार

अकराची एसटी. चप्पल ऐकू आली तेव्हा मी दारात होतो. पट मांडूनच ठेवला होता.

भागू वाळलाय. बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "चपला दिसत्यात आज." मी म्हटलं, खेळ.

दोन तास गेले. माझं बरं चाललं होतं. हर्षालीनं शिकवलेलं सगळं करत होतो. शेवटी तेच उरलं: दोघांचे हत्ती, दोघांचं एकेक मोकळं प्यादं. हर्षाली दाराला टेकून उभी होती. तिला आत जा म्हणायचं सुचलं नाही.

आणि भागूनं परत हत्ती माझ्या हत्तीसमोर आणून ठेवला.

माझा हात पुढं गेला आणि थांबला. मी चौकोन काढला. त्याच्या प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत चार घरं. माझा राजा कडेला, पण एका चालीत आत. म्हणजे हत्ती गेले की त्याचं प्यादं मला सापडतं, आणि माझं त्याच्या राजाला सापडत नाही. तो सरळ हरतो. चौकोन मी दोनदा काढला.

"भागू, हत्ती माघारी घे."

"का? मारा की."

"मारल्यावर तुझं प्यादं माझ्या राजाला गावतंय. दिसत न्हाई तुला?"

"दिसतंय की."

"मग?"

त्यानं हत्ती हलवला नाही. मी म्हटलं, "मी निरोपात काय सांगितलं व्हतं? भीक देतोस मला? बावीस वर्सं देत आलास?"

"भीक न्हाई."

"मग काय हाय हे?"

भागू पटाकडं बघत म्हणाला, "शाऐंशीला मी दोनदा जिंकलो. तुमी पाच शनिवार आत बसला. मी यायचो, वैनी म्हनायच्या बाहेर गेलेत. पुन्यांदा जिंकलो, तीन शनिवार. मंग मी म्हनलं, आपल्याला जितायला यायचं हाय का बसायला यायचं हाय? बसायला. मंग जितून काय करू." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तवा घोडेगावला व्हतो, येत ऱ्हायलो तुमचा राग जाईस्तवर. आता परवा मी वर जानार. आज जितलो तर तुमी कवा यायचं आहुप्याला?"

"तुला कुनी सांगितलं मी आहुप्याला येनार हाय म्हनून?"

"कुनी न्हाई."

हर्षाली दारातून नाहीशी झाली होती.

माझ्या कानात नुसता आवाज, बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखा. मी म्हटलं, "हत्ती माघारी घे. आन खेळ. एक चाल जरी मुद्दाम वाकडी केलीस तर हा पट चुलीत घालीन."

त्यानं हत्ती उचलला. थोडा वेळ हातातच धरला. मग तो नेऊन आपल्या प्याद्याच्या मागं उभा केला. मागं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तक नाही, पुणं नाही.

पुढचा पाऊण तास माझ्यासमोर जो माणूस बसला होता त्याला मी कधी बघितलेलं नाही. वर बघत नव्हता, बोलत नव्हता, चाल केली की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसत होता. एकेक घर मला मागं ढकलत नेलं. माझा हत्ती त्याच्या प्याद्यापुढं अडकून पडला, वाट अडवत. मग माझ्या राजाला असं कोंडलं की त्याच्या प्याद्यासाठी मला हत्तीच द्यावा लागला.

हरलो.

तो माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी उठलो, दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकाची नीट झालेली मोटार परत खोलली. मागून चप्पल ऐकू आली, रस्त्याकडं. मी मान वर केली नाही. पाचाची एसटी त्याला मिळाली असणार.

३१ मार्च, सोमवार

आज तो वर गेला असेल. भांडीकुंडी किती असणार, एक ट्रंक.

५ एप्रिल, शनिवार

हर्षाली पट पुसत होती. म्हणाली, "आण्णा, आजचा एक."

आजचा एक शनिवार कोरा गेला, असं तिला म्हणायचं होतं. मी म्हटलं, मला मोजता येतं. ती म्हणाली, "ते माहीत हाय. म्हनून तर सांगितलं."

सून असूनही तोंडाळ आहे. तिच्या वडिलांनी हे सांगितलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर चिडचिड. एका गिऱ्हाइकाला सांगितलं बेअरिंग गेलंय, निघाली कॉईल. असं तीस वर्षांत झालं नाही.

संध्याकाळी स्टँडवर सहज गेलो होतो. सहजच कंट्रोलरला विचारलं. घोडेगावहून आहुप्याला गाडी सकाळी आहे.

१३ एप्रिल, रविवार. आहुपे

काल आलो. घरी सांगितलं, घोडेगावला मोठं गिऱ्हाईक आहे. बायडाबाई म्हणाली, "गिऱ्हाइकाला ही लाडवांची पिशवी द्या. साळुबाईला म्हनावं बरी हाय ना." या घरात कुणाला काही सांगायची सोय उरलेली नाही.

गाडीनं उतरवलं तेव्हा भागू वरच्या खाचरात होता. भाताची रोपं जिथं टाकायची तिथं पालापाचोळा पसरून राब भाजत होता. धुरातनं माझ्याकडं बघितलं, ओळखलं, हातातली काठी खाली टाकली नाही. म्हणाला, "आलास व्हय. बस तिथं सावलीला. येवढी आग इझंस्तवर मला हलता येत न्हाई, वारा हाय."

पाऊण तास बसवून ठेवला मला. तीन तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला.

मग ओटीवर डाव. पहिला हरलो. साळुबाईनं नाचणीची भाकरी आणि करवंदाची चटणी वाढली. दुसराही हरलो. दुसऱ्यात मी बरोबर हत्तीला हत्ती दिला होता, चौकोन मोजून. भागूनं तो घेतलाच नाही. म्हणाला, "तो चौकोन मलाबी दिसतोय, दादाभाऊ. दुसरं कायतरी आन." साळुबाई चुलीपासनं म्हणाली, "अवं, पावण्याला एक तरी जिकू द्या." भागू म्हणाला, "त्याला चालत न्हाई."

तिनं विचारलं, परतीची गाडी चारला आहे, भाकरी बांधून देऊ का. मी म्हटलं, एक डाव राहिलाय. तो संपला तेव्हा गाडी जाऊन दोन तास झाले होते. हरलो. एवढा राग मला मंचरलाही आला नव्हता.

आज सकाळी ओटीवर बसून हे लिहितोय. दुकान आदेश बघेल. भागू खाचराकडं चक्कर मारून आलाय आणि माझ्यासमोर प्यादी मांडतोय, मला विचारल्याशिवाय. त्याला एकदा हरवल्याशिवाय मी इथून उतरणार नाही, आणि तो काही आता मला जिंकू देत नाही.